खोट्या सिनेटरचा पोडियम

मित्रांनो, मी एक जुना पोडियम आहे, म्हणजे भाषण करणाऱ्याच्या पुढ्यातले उंच मेज. पण ज्या माणसासाठी मला बनवले, तो माणूस माझ्यामागे एकदाही उभा राहिला नाही. टीव्हीवरही मी कधी दिसलो नाही. तेव्हा माझे आयुष्य तुम्हाला सांगण्याजोगे आहे की नाही, याची माझी मलाच शंका आहे. तरी सांगून पाहतो. कंटाळा आला तर खुशाल उठून जा, मी मनाला लावून घेणार नाही.

माझा जन्म अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या लिबूशे गावच्या सोकोल हॉलमध्ये झाला. गावातल्या चेक लोकांच्या पणजोबांनी हा हॉल कसरतीसाठी बांधला होता. आता तिथे लग्ने होतात, पोल्का नाच होतात आणि हिवाळ्यात नाटके होतात. त्या नाटकांचे नेपथ्य करणारे लाडा कुबिक हे माझे जन्मदाते.

गावचीच लेक अडेल सेडलाचेक त्या वेळी राज्याची गव्हर्नर होती, आणि ती देशाच्या अध्यक्षपदासाठी उभी होती. पक्षाची उमेदवारी ठरवायला एकामागून एक राज्यांत मतदान होते, त्या शर्यतीत एकेक जण गळत गेला. शेवटी पूर्वेकडचा एक बडा सिनेटर आणि ती, असे दोघेच उरले. त्या दोघांचा टीव्हीवर वादविवाद ठरला. त्याच्या तालमीसाठी आमचा हॉल निवडला गेला, कारण तिथे वर्तमानपत्रवाले पोचणार नाहीत, आणि पोचलेच तर बेकरीतल्या बायका त्यांना गप्पांत अडकवून ठेवतील, असा सगळ्यांना भरवसा होता.

टीव्हीवर असतात अगदी त्याच मापाचे दोन पोडियम लाडांनी बनवले. पहिला गव्हर्नरबाईंचा. त्याला ओक लाकूड आणि दोन हात पॉलिश. दुसरा सिनेटरचा, म्हणजे मी. उरलेल्या प्लायवूडचा.

"याला पॉलिश नको का?" कोणीतरी विचारले.

"शत्रूला कशाला पॉलिश?" लाडा म्हणाले. "माझं मत मी यालाच देऊन टाकलं, असं व्हायचं."

अशी माझी सुरुवात झाली. जन्मल्या दिवसापासून मी शत्रूच्या बाजूचा.

आता सिनेटर काही तालमीला येणार नव्हता. अशा वेळी निवडणुकीतले लोक आपल्यातल्याच एकाला सिनेटर बनवतात. त्याने सिनेटरची जुनी भाषणे पाठ करायची, त्याच्यासारखे बोलायचे, त्याच्यासारखे टोचायचे, म्हणजे खऱ्या दिवशी उमेदवाराला काही नवे वाटत नाही. या कामासाठी एमिल पोस्पिशिल सरांना बोलावले गेले. सर गावच्या शाळेत इतिहास शिकवत आणि मुलांकडून वादविवाद करून घेत. अडेलही त्यांचीच विद्यार्थिनी. निवृत्तीनंतर त्यांचा वेळ पुस्तकांत जाई. इतका लाजाळू माणूस मी दुसरा पाहिला नाही. कॉफी हवी असली तरी मागत नसत. कोणी विचारीपर्यंत कॉफीच्या भांड्याकडे नुसते बघत उभे राहत.

पण सिनेटरचा निळ्या पट्ट्यांचा टाय बांधून सर माझ्यामागे उभे राहिले की त्यांचा आवाज बदले, मान ताठ होई. चष्मा काढून, तो हातात फिरवत ते म्हणत, "माझ्या प्रिय गव्हर्नर, मक्याच्या शेतात जे चालतं ते जगात चालत नाही." मग माझ्यावर थाप मारत. ती थाप मला आवडायची. हे मी आधीच कबूल केलेले बरे.

हॉलमध्ये एक नियम होता. सर माझ्यामागे असेपर्यंत एमिल नव्हेत, सिनेटर आहेत. तिथून बोललेले कोणी मनाला लावून घ्यायचे नाही. हा नियम घातला होता रमोना हॅचबाईंनी. त्या गव्हर्नरबाईंच्या प्रचारप्रमुख. अडेल पहिल्यांदा जिल्ह्याच्या निवडणुकीला उभी राहिली तेव्हापासून रमोनाबाई तिच्याबरोबर होत्या. तेव्हा प्रचाराची गाडी म्हणजे रमोनाबाईंचा पिकअप आणि प्रचाराचे कार्यालय म्हणजे त्याच पिकअपचे पुढचे सीट. अख्खे राज्य गव्हर्नरबाईंना 'गव्हर्नर' म्हणे. रमोनाबाई 'अडी' म्हणत.

आणि मग टॅगर्टसाहेब आले. पक्षाला मोठमोठ्या देणग्या देणाऱ्यांनी त्यांना वॉशिंग्टनहून पाठवले होते. आले ते सल्लागार म्हणून, आणि बसले मागच्या रांगेत. पुढच्या दिवशी ते मधल्या रांगेत होते.

"साहेब, तुमच्या वॉशिंग्टनात खुर्च्या आपल्या पायांनी चालतात वाटतं?" रमोनाबाईंनी विचारले.

"छे हो, बाई. ओढाव्या लागतात," टॅगर्ट हसून म्हणाले. "मी त्याचेच पैसे घेतो."

तालीम संपली की चुका सांगायची पद्धत होती. पहिल्यांदा रमोनाबाई बोलत, मग बाकीचे. एकदा रमोनाबाई पर्समध्ये चष्मा शोधत होत्या, तेवढ्यात टॅगर्टनी बोलायला सुरुवात केली. चष्मा सापडला तोपर्यंत त्यांचे बोलून झाले होते आणि गव्हर्नरबाई मान डोलावत होत्या. त्या दिवसापासून टॅगर्ट पहिले बोलू लागले. कोणी काही ठरवले नाही, कोणी भांडले नाही. मित्रांनो, मोठ्या जागांवरची सत्ता अशीच हात बदलते, हे मी तिथे उभ्या उभ्या पाहिले.

खरे भांडण होते एका वाक्यावरून. गव्हर्नरबाई प्रत्येक सभेत शेवटी दवाखान्यांबद्दल, नर्सबद्दल बोलत, आणि मग म्हणत, "माझे बाबा गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता." तिथे लोक रुमाल काढत. हे वाक्य नाही असे एकही भाषण नव्हते.

"ते वाक्य काढ, अडी," रमोनाबाई म्हणत. "फार झालं आता."

"का? काही कारण?" टॅगर्ट विचारत.

"कारण मी म्हणते म्हणून."

"बाई, आपल्याकडे कर कमी करायची नऊ कलमं आहेत. एकाला तरी कोणी रडतं का? रडवणारं हे एकच आहे. तेही काढायचं?"

रमोनाबाईंना खरे कारण सगळ्यांसमोर सांगता येत नव्हते. गव्हर्नरबाई कागदांत डोके घालत. ते वाक्य राहिले.

एका दुपारी तालमीच्या आधी सर रंगमंचाच्या कडेला बसले होते. टॅगर्ट बेकरीतून खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, घेऊन आले आणि सरांच्या शेजारी बसले. मी तिथेच होतो.

"सर, खरं सांगू? या सगळ्या मंडळींत वाचलेला माणूस तुम्ही एकटेच."

सरांचे कान लाल झाले. त्यांच्याशी इतके बोलायला सहसा कोणी बसत नसे.

"तुम्ही तिला शाळेपासून ओळखता," टॅगर्ट म्हणाले. "मला सांगा, सिनेटरच्या हाती काय लागलं तर तिची बोलती बंद होईल?"

"मी... म्हणजे मला तसं काही..."

"माझ्यासाठी नको. तिच्यासाठी. आत्ता इथे दुखलं तर तिथे दुखणार नाही."

सरांना खरोखर भीती होती. ती भीती त्यांनी फार वर्षे एकट्याने बाळगली होती. आणि एवढा मोठा माणूस आपले म्हणणे कान देऊन ऐकतो आहे, याचा थोडा आनंदही होता. दोन्ही होते. मी त्यांच्या बाजूने बोलतो आहे, पण हे लपवत नाही.

सर म्हणाले, "ती तिथे नव्हती."

"कुठे?"

"वडिलांजवळ. तिची पहिली निवडणूक होती. डॉक्टर म्हणाले होते, अजून वेळ आहे. म्हणून ती जत्रेच्या मिरवणुकीत गेली, ट्रॅक्टरवर उभी राहून हात हलवत होती. वडिलांजवळ रमोनाला बसवलं होतं. मी त्यांना भेटायला म्हणून गेलो आणि दारातूनच पाहिलं. हात रमोनाच्या हातात होता. मी तसाच परत फिरलो."

टॅगर्टनी घास चावायचे थांबवले. "हे आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"रमोनाला. आणि अडेलला, अर्थात."

"आणि तुम्ही दारात होतात, हे गव्हर्नरना?"

"ते... मी कधी बोललो नाही. रमोनानं सांगितलं असेल, मला वाटतं."

"मग आज विचारा तिला," टॅगर्ट हात झटकत म्हणाले. "सिनेटर म्हणून."

"आधी तिच्या कानावर घालू का?"

"सिनेटर आधी कानावर घालेल का?"

सरांना ते पटले. वादविवाद शिकवणाऱ्या माणसाला असल्या उत्तरातला चोख तर्कच पहिल्यांदा दिसतो. त्यांची चूक तिथेच झाली.

त्या दुपारी माझ्यामागे उभे राहून सरांनी चष्मा काढला, हातात फिरवला आणि म्हटले, "माझ्या प्रिय गव्हर्नर, वडिलांचा हात तुम्ही गावोगाव धरता. त्या शनिवारी मात्र तुमचा हात ट्रॅक्टरवरून लोकांना टाटा करत होता. मग वडिलांचा हात कोणी धरला होता?" आणि माझ्यावर थाप मारली.

त्या थापेने मी अंगभर घुमलो. मित्रांनो, मला लाज वाटते, पण त्या क्षणी मला अभिमान वाटला. इतके जोरकस वाक्य माझ्यावरून आजवर गेले नव्हते.

गव्हर्नरबाईंनी सरांकडे पाहिलेच नाही. सर तर सिनेटर होते, त्यांच्यावर रागवायचे नाही हा नियमच होता. त्यांनी खाली, पहिल्या रांगेत पाहिले. रमोनाबाईंकडे. मग त्या उतरून हॉलच्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि रमोनाबाई त्यांच्या मागोमाग. ते दार पातळ आहे. लग्नात आचारी काय बडबडतात ते सगळे रंगमंचावर ऐकू येते.

"त्या खोलीत बाबा होते आणि तू होतीस," गव्हर्नरबाई म्हणाल्या. "बाबा तर सांगायला आले नसतील."

"मी सांगितलेलं नाही, अडी."

"मग कोणी? भिंतीनं?"

माझ्यामागे उभ्या असलेल्या सरांनी दोन्ही हातांनी माझ्या कडा धरल्या. कारण त्यांना तेव्हा कळले, की अडेलला दारातल्या माणसाची माहिती नव्हती. रमोनाबाईंना मात्र होती. त्यांनी नाव घेतले असते तर सगळे तिथेच मिटले असते.

"ते मला नाही सांगता येणार," रमोनाबाई म्हणाल्या.

"वाक्य काढायला मी ऐकेना म्हणून टॅगर्टला सांगितलंस ना? मला सगळ्यांसमोर धडा शिकवायला?"

"तुला तसं वाटत असेल तर मी काय बोलू."

"काही बोलू नकोस. जा."

संध्याकाळच्या बातम्यांत आले, की रमोना हॅच कौटुंबिक कारणांमुळे प्रचारातून बाहेर पडत आहेत. रमोनाबाईंच्या कुटुंबात एक मांजर होते.

सर टॅगर्टकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज माझ्या आधाराशिवाय चढला. "तुम्ही तिला सांगत का नाही, की हे मी सांगितलं?"

"मी कशाला सांगू? मला तिनं विचारलं का?" टॅगर्ट शांतपणे म्हणाले. "मी रमोनाबाईंविरुद्ध एक अक्षर बोललेलो नाही, सर. गणित तिनंच मांडलं. तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा. दोन दिवसांवर वादविवाद आलाय. समोर उभं राहायला तिला विश्वासाचा एक माणूस उरलाय, तोही काढून घ्या."

सर परत आले. त्यांनी टाय सोडला, नीट घडी केली, आणि ती घडी कितीतरी वेळ हातातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमोनाबाई आपले विजेवरचे कॉफीचे भांडे न्यायला आल्या. हॉलमध्ये सर एकटेच होते.

"भांडं नेते," त्या म्हणाल्या. "वॉशिंग्टनवाल्यांना परवडेल नवं."

"रमोना, मी..."

"दारात उभा होतास. हातात टोपी होती. माहितीये मला." त्या भांड्याची वायर गुंडाळत राहिल्या. "बस खाली. पडशील."

"मग काल तू माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर तिनं तुलाही हाकललं असतं. मग तिच्यासमोर उभा कोण राहणार? टॅगर्ट? ती त्याला वाद घालून हरवणार नाही, एमिल. ती त्याची शाबासकी घ्यायला बघेल."

"मी आज सांगतो तिला."

"वादविवाद होऊ दे, मग सांग. आज सांगितलंस तर ती तिथे जाऊन उभी कशी राहील?" त्या जायला निघाल्या, आणि थांबल्या. "ते वाक्य मात्र काढायला लाव. कसंही कर. ट्रॅक्टरवरचा फोटो तेव्हा पेपरात छापून आलाय, तारखेसकट. आज ना उद्या सिनेटरची माणसं उकरतीलच."

"म्हणूनच तू मागे लागली होतीस."

"नाही. खरं म्हणजे मला ते ऐकवत नाही." त्यांनी भांडे काखेत घेतले. "हात माझा होता, मला श्रेय हवं, असलं काही नाही. म्हातारा शेवटी शेवटी माझ्या हातालाच 'अडी, अडी' म्हणत होता. मी त्याला सांगितलं नाही, की मी अडी नाही म्हणून."

त्या गेल्या. सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले, पण माझ्यामागे नाही. माझ्या पुढच्या बाजूला, जिथे सहसा कोणी उभे राहत नाही.

शेवटची तालीम त्याच दुपारी होती. टॅगर्टनी सरांना बजावले, "आज वडिलांच्या वाक्याला हात लावायचा नाही. जखम भरू द्या." पहिल्या रांगेत मधोमध आता टॅगर्टची खुर्ची होती. सरांचे सिनेटर त्या दिवशी फिके झाले. एकदा तर ते "माझ्या प्रिय" म्हणाले आणि पुढचा शब्दच विसरले. गव्हर्नरबाई मात्र तयारीच्या होत्या. शेवटच्या भाषणात त्यांनी सराईतपणे म्हटले, "माझे बाबा गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता." आवाज जराही हलला नाही.

टॅगर्टनी टाळ्या वाजवल्या. सरांनी निळ्या पट्ट्यांचा टाय ओढून काढला, माझ्यावर टाकला आणि ते माझ्यामागून बाहेर आले. तालीम चालू असताना असे कोणी करत नसे.

"अडेल."

"सर, जागेवरून बोला. अजून वेळ संपलेली नाही."

"तिथून सिनेटर बोलतो. हे माझं आहे." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की शेवटच्या रांगेत बसलेल्या प्रचारातल्या पोरींनी माना पुढे काढल्या. "टॅगर्टना मी सांगितलं. रमोनानं नाही. त्या दिवशी मी दवाखान्यात आलो होतो. दारात होतो. तुला ते ठाऊक नाही, हे मला ठाऊक नव्हतं."

"सर दमलेत," टॅगर्ट उठत म्हणाले. "घड्याळ थांबवा, कोणीतरी पाणी द्या."

"तुम्ही बसा," गव्हर्नरबाई म्हणाल्या. टॅगर्ट बसले.

"तिला काल माझं नाव घेता आलं असतं," सर म्हणाले. "तुझ्यासमोर उभं राहायला कोणी उरणार नाही, म्हणून तिनं घेतलं नाही. आणि तुझे वडील तिच्या हातालाच 'अडी' म्हणत होते. तिनं त्यांना दुरुस्त केलं नाही."

गव्हर्नरबाईंनी ओकच्या पोडियमच्या कडा घट्ट धरल्या. मला वाटले, त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. शाळकरी मुलगी विचारते तसे त्यांनी विचारले, "सर, दारापर्यंत आलात, मग आत का नाही आलात?"

"मला वाटलं, माझं तिथे काय काम," सर म्हणाले.

"तालीम संपली," गव्हर्नरबाई म्हणाल्या, आणि टॅगर्टबरोबर गाडीत बसून निघून गेल्या. रमोनाबाईंना कोणी बोलावले नाही. सर घरी गेले. टाय माझ्यावरच राहिला.

वादविवादाच्या संध्याकाळी सगळे गाव हॉलमध्ये जमले. रंगमंचावर मोठा टीव्ही लावला आणि मला कोपऱ्यात सरकवले. रमोनाबाई आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. सर त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून बसले.

त्या दिवशी मी माझ्या मालकाला, खऱ्या सिनेटरला, पहिल्यांदा पाहिले. त्यांना सर्दी झाली होती. ते चष्मा हातात फिरवत नव्हते. थापही मारली नाही. ते फक्त थकलेले, बऱ्यापैकी सभ्य गृहस्थ होते. आम्ही आमच्या हॉलमध्ये त्यांना होते त्यापेक्षा पुष्कळ वाईट करून ठेवले होते. त्याबद्दल त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

गव्हर्नरबाई छान बोलल्या. गाव टाळ्या वाजवत होते. शेवटच्या भाषणात त्या नर्सपर्यंत आल्या तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांचे ओठ हलू लागले, कारण पुढचे वाक्य गावाला पाठ होते.

"माझे बाबा गेले तेव्हा," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. इतका वेळ थांबल्या, की कोणीतरी टीव्ही बिघडला का म्हणून उठले. "माझे बाबा गेले तेव्हा मी तिथे नव्हते. मी मतं मागत होते. इतकी वर्षं मी तुम्हाला जे सांगत आले, तो हात माझ्या मैत्रिणीचा होता. धन्यवाद."

वेळ शिल्लक होती. त्यांनी ती तशीच सोडून दिली.

हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. लोकांना काय झाले ते धड उमगले नव्हते. रमोनाबाई उठल्या आणि सरांच्या शेजारी येऊन बसल्या.

"तू सांगितलंस."

"हो."

"मी थांब म्हटलं होतं."

"हो."

"शाळेत पोरांना ऐका ऐका म्हणायचास. स्वतः नाही ऐकलंस." त्यांनी पर्समधून रुमाल काढून नाक पुसले. "हरणार आता ती."

"मला वाटतं, हरणार," सर म्हणाले.

थोड्या वेळाने रमोनाबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो हातात धरून नुसता पाहिला. वाजायचा थांबला. पुन्हा वाजला, तेव्हा कानाला लावला.

"हं," त्या म्हणाल्या. "पाहिलं." पलीकडचे पुष्कळ वेळ ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "ते असू दे सगळं. तू जेवलीस का?" आणि फोन घेऊन बाहेर अंगणात गेल्या. पुढे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही तेच बरे.

गव्हर्नरबाई हरल्या. आठवडाभर वर्तमानपत्रांनी त्यांना खोटारडी म्हटले. पुढच्या मोठ्या राज्यांत त्यांना मते मिळाली नाहीत, आणि वसंत ऋतू येण्याआधी त्या शर्यतीतून बाहेर पडल्या. टॅगर्टसाहेब त्याच आठवड्यात सिनेटरकडे कामाला लागले. रमोनाबाई प्रचारात परत गेल्या नाहीत, पण रविवारी गव्हर्नरबाईंची गाडी त्यांच्या दारात दिसते, असे बेकरीतल्या बायका सांगतात.

सर मात्र सुटले नाहीत. ते कधी कधी हॉलमध्ये येतात आणि लाडांपाशी एकच प्रश्न घोळवतात. "मी ते तिच्यासाठी सांगितलं, लाडा, की माझ्याच मनावरचं ओझं उतरावं म्हणून? आणखी एक दिवस थांबलो असतो तर ती अध्यक्ष झाली असती का? की फोटो निघून आणखी वाईट झालं असतं?" लाडा म्हणतात, "एमिल, कॉफी घे." मी इतकेच म्हणेन, की ज्या दिवशी सरांनी टॅगर्टना सांगितले, त्या दिवशी आधी अडेलला सांगायला हवे होते. ते सोपे नव्हते. पण पुढचे सगळे त्याहून अवघड होते.

आता मी सामानाच्या खोलीत असतो. शाळेच्या वादविवाद स्पर्धा आल्या की मुले मला बाहेर काढतात. माझा एक पाय डुगडुगतो, प्लायवूडच्या कडा सुटल्या आहेत, आणि कोणीतरी माझ्या आतल्या बाजूला च्युइंगम चिकटवून ठेवले आहे. मला पुसा, माझा स्क्रू आवळा, ओल्या जागी ठेवू नका, एवढे तर मी मागणारच. पण मित्रांनो, माझी खरी विनंती वेगळी आहे. तुम्ही माझ्यामागे उभे राहून उसने शब्द बोलाल, खोटे शत्रू व्हाल, जोरात थाप माराल. ते सगळे करा, ते शिकण्यासारखे आहे. मात्र कोणाबद्दल काही खरे तुमच्याजवळ असेल, तर ते तिसऱ्या माणसाला देऊ नका आणि माझ्याआडून तर मुळीच बोलू नका. ज्याचे आहे त्याच्याजवळ जा आणि तोंडावर सांगा.

मी मध्ये येतोय असे वाटले, तर मला बाजूला सारा. मी फार जड नाही.